अर्धे आकाश धुळीआड



आकाशावर बोलायला उभा राहणारा वक्ता सहसा ताऱ्यांचे वैभव वर्णन करतो. मी आज तुमच्यापुढे धुळीची कैफियत मांडायला आलो आहे. वैशाखाच्या तोंडावर, महामार्गाच्या कडेला बसलेल्या अच्छाडकरांना धुळीचे कौतुक सांगायचे म्हणजे धाडसच आहे. परंतु गेल्या तीसएक वर्षांत ज्योतिर्विदांची या धुळीकडे पाहण्याची दृष्टी पार बदलली. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, समुद्रसपाटीपासून ५,६०० मीटर उंचीवर, केवळ या धुळीची ऊब टिपण्यासाठी एक नवी दुर्बीण आणि तिच्यासाठी एक प्रचंड कॅमेरा योजला गेला आहे. त्या कॅमेऱ्याकडून शास्त्रज्ञांना नेमके काय हवे आहे, हा आजचा विषय.

प्रारंभी एक घरगुती अनुभव आठवा. रात्री चुलीतला विस्तव राखेने झाकून ठेवतात. दिवा मालवला की चूल काळीठिक्कर दिसते. परंतु राखेवर हात धरला की ऊब लागते. डोळा म्हणतो विस्तव नाही, तळहात म्हणतो आहे. दोघेही खरेच सांगतात. दोघांची इंद्रिये वेगळी, एवढेच. आकाशाच्या बाबतीत आपण हजारो वर्षे फक्त डोळ्याची साक्ष घेत आलो. तळहाताची साक्ष घ्यायला फार उशिरा शिकलो.

या दिवसांत दिवेलागणीला पश्चिमेकडे पाहिले तर समुद्राच्या बाजूला मृग नक्षत्र कललेले दिसते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याकडे लहान मुलालाही दाखवता येतात. त्या तीन ताऱ्यांजवळच, डोळे ताणले तर, एक अंधुक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा आणि धुळीचा मेघ आहे आणि त्याच्या पोटात आजही तारे जन्माला येत आहेत. जो उजेड दिसतो तो मेघाच्या आपल्याकडच्या कडेचा. खरे बाळंतघर मागे आहे, अंधारात आहे, आणि धुळीच्या पडद्याने पूर्ण झाकलेले आहे.

ही धूळ म्हणजे काय? मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याएवढे बारीक कण, काही वाळूच्या जातीचे, काही कोळशाच्या जातीचे. ताऱ्यांमधल्या पोकळीत जो वायू पसरला आहे त्याच्या वजनाचा जेमतेम शंभरावा भाग ही धूळ असेल. परंतु ताऱ्याचा निळा-पांढरा प्रकाश ती गिळून टाकते. प्रकाश गिळला म्हणजे शक्ती नाहीशी झाली असे होत नाही. कण किंचित तापतो. किंचित म्हणजे किती? उणे २५० किंवा उणे २३० अंश सेल्सिअसपर्यंत! आपल्या दृष्टीने ही भयंकर थंडी. परंतु निसर्गाच्या हिशेबात एवढीही ऊब पुरते, आणि तो कण आपली ऊब लहरींच्या रूपाने बाहेर टाकत राहतो. या लहरींची लांबी असते मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून ते जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत. यांतल्या एका मिलिमीटरपेक्षा थोड्या आखूड लहरींना सबमिलिमीटर लहरी असे म्हणतात.

या लहरींची जागा मोठी मौजेची आहे. अच्छाडच्या लोकांना ती समजावून सांगायला वेळ लागणार नाही, कारण तुम्ही स्वतःच सीमेवर राहता. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि तुमच्या गावाशेजारून रेघ गेली. येथला माणूस मराठी बोलतो, गुजराती समजतो, आणि घरी कदाचित वारली बोलतो. सबमिलिमीटर लहरींचेही असेच आहे. त्यांच्या एका बाजूला उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांचा मुलूख आहे, दुसऱ्या बाजूला रेडिओ लहरींचा. उष्णता मोजणाऱ्यांची उपकरणे येथे पुरी पडत नाहीत आणि रेडिओवाल्यांचीही पडत नाहीत. दोघांची विद्या एकत्र करावी लागते. म्हणून हा पट्टा बरीच वर्षे विज्ञानात ओसाड राहिला. अगदी शेजारच्या, ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लहरींवर जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात १८९५ च्या सुमारास प्रयोग केले होते. पण पुढे जग लांब लहरींच्या बिनतारी यंत्रामागे धावले आणि ही वाट मागे पडली.

सीमा आली म्हणजे नाका आलाच. या लहरींचा नाका म्हणजे हवेतली पाण्याची वाफ. या किनाऱ्यावर पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते आपण पाहतोच. आपल्या डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून खाली आणली तर पावसाळ्यात ५० ते ६० मिलिमीटर पाणी भरेल. आकाशातून येणारी सबमिलिमीटर लहर या वाफेत पूर्ण अडते. तेव्हा अच्छाडला कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी या लहरींच्या दृष्टीने ती तळघरात ठेवल्यासारखी होईल. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील त्या उंच डोंगरावर चांगल्या रात्री हेच पाणी एक मिलिमीटरही भरत नाही.

मग हिंदुस्थानात राहून हे काम करायचेच नाही की काय? येथे मला आपल्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या नाक्याला वळसा घातला. डोंगर नसेल तर फुगा आहे, असे ते म्हणाले. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी होमी भाभांच्या काळापासून ही संस्था मोठे प्लॅस्टिकचे फुगे उडवीत आली होती. हैदराबादला त्यासाठी कायमचे केंद्र झाले. १९८० च्या दशकात या मंडळींनी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण फुग्याला टांगून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर चढवली. तेथे वाफ जवळजवळ संपलेली असते. खाली कोणी माणूस धरायला नाही, फुगा वाऱ्याबरोबर वाहतो आहे, आणि तरीही दुर्बिणीची नजर एका मेघावर स्थिर ठेवायची! रात्रभर आकाश टिपून झाले की यंत्र हवाई छत्रीने खाली येई. हैदराबादचे फुगे दूरवर, पार सोलापूरपर्यंतच्या पट्ट्यातही उतरू शकतात. म्हणून वर्तमानपत्रांतून गावकऱ्यांना विनंती केली जाते की, शेतात असे काही पडलेले दिसले तर ते उघडू नये, कळवावे.

त्या दुर्बिणीचा कॅमेरा केवढा होता? दोन तरंगलांबींसाठी प्रत्येकी सहा, असे एकूण बारा संवेदक. तुमच्या खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात असे कोट्यवधी ठिपके असतात, तेथे बारा. आणि ते बारा ठिपके द्रव हेलियमने निरपेक्ष शून्यापासून अर्ध्या अंशाहूनही खाली थंड करावे लागत. कारण उघड आहे. जो स्वतः तापला आहे त्याला दुसऱ्याचा ताप कळत नाही. थंडगार धुळीची ऊब मोजायची तर तळहात धुळीहूनही थंड पाहिजे.

या फुग्यावर १९९९ पासून जपानी सहकाऱ्यांनी बनवलेले आणखी एक यंत्र चढले. विद्युद्भारित कार्बनचा अणू १५८ मायक्रॉन तरंगलांबीची, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सहाव्या भागाएवढी, एक ठरावीक लहर सोडतो. प्रत्येक गायकाचा जसा एक षड्ज, तशी ही त्या अणूची खूण. जेथे नवे तारे आपल्या प्रखर प्रकाशाने भोवतालचा वायू तापवतात तेथे ही लहर जोरात वाजते. मुंबई-जपानच्या या मंडळींनी मृगातल्या त्याच मेघाचा कार्बनच्या लहरीत नकाशा काढला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ही लहर लक्षात ठेवा. पुढे तिच्याशी आपल्याला मोठे काम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. धुळीची ऊब मोजून मिळते काय?

पहिले उत्तर हिशेबाचे आहे. १९८९ साली सोडलेल्या कोबे नावाच्या उपग्रहाच्या मोजमापांतून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे दिसून आले की, विश्वाच्या जन्मापासून आजवर सर्व ताऱ्यांनी जेवढा प्रकाश सोडला त्यातला जवळजवळ निम्मा धुळीने गिळला आणि उबेच्या रूपाने परत सोडला. निम्मा! म्हणजे ज्योतिर्विद ताऱ्यांच्या जन्माचा जो इतिहास लिहीत होते तो अर्ध्या दप्तरावरून लिहिलेला होता. गावाची खानेसुमारी करायची आणि दिवा दिसेल तेवढीच घरे मोजायची, असा तो प्रकार झाला.

उरलेले दप्तर उघडायचा पहिला नेटाचा प्रयत्न हवाई बेटांवरच्या मौना के या डोंगरावर, १५ मीटरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीवर झाला. तिच्यावर १९९७ साली स्कूबा नावाचा कॅमेरा बसला. त्याला एकंदर १२८ संवेदक होते. हबल दुर्बिणीने आकाशाचा जो इवलासा तुकडा दिवसेंदिवस टक लावून पाहिला होता आणि ज्यात हजारो दीर्घिका मोजल्या होत्या, त्याच तुकड्याकडे स्कूबाने पाहिले. १९९८ साली जाहीर झालेल्या त्या चित्रात फक्त पाच ठिपके होते. परंतु त्या पाचांतला प्रत्येक ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेहून शेकडो पट वेगाने तारे जन्माला घालणारी, धुळीत बुडालेली दीर्घिका निघाली. हबलच्या चित्रात त्या एकतर दिसत नव्हत्या, किंवा इतक्या फिकट होत्या की कोणी त्यांची दखल घेतली नसती.

येथे निसर्गाने ज्योतिर्विदावर एक विलक्षण कृपा केली आहे. दिवा दूर नेला की मंद होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. परंतु सबमिलिमीटर लहरींत मोठ्या अंतरावरची धुळकट दीर्घिका आणखी कितीतरी दूर नेली तरी जवळजवळ तेवढीच तेजस्वी दिसते. याचे कारण विश्वाचे प्रसरण. धूळ सर्वांत जास्त ऊब टाकते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. लहर प्रवासात असताना विश्व ताणले जाते आणि तिच्याबरोबर लहरही ताणली जाते. जितकी दीर्घिका दूर, तितका ताण जास्त; आणि तिच्या उबेचा भरघोस भाग सरकत सरकत आपल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात येतो. अंतराने एका हाताने काढून घेतलेले प्रसरण दुसऱ्या हाताने परत देते. म्हणून हा कॅमेरा काळाच्या फार मागे पाहू शकतो.

मग उणीव कशाची? रुंदीची. महालक्ष्मीच्या यात्रेला चैत्री पौर्णिमेपासून केवढी गर्दी लोटते ते तुम्हांला सांगायला नको. त्या यात्रेत कोणी वेळूच्या नळकांडीतून एकेक माणूस पाहू लागला तर त्याला माणसे दिसतील, यात्रा दिसणार नाही. कोण कोठून आले, गर्दी कोठे दाटली, पाण्याकडे ओघ किती, हे पाहायचे तर डोंगरावर चढून सगळा माळ एका नजरेत घेतला पाहिजे. दीर्घिकांचेही तसेच. त्या विश्वात एकेकट्या विखुरलेल्या नाहीत. त्यांचे जथे आहेत, तांडे आहेत, मधे ओस माळ आहेत. या रचनेचा अभ्यास पाच ठिपक्यांवरून होत नाही. २०११ पासून मौना केवर काम करू लागलेल्या स्कूबा-२ मध्ये सुमारे दहा हजार संवेदक आले. अंतराळातल्या हर्शेल दुर्बिणीने २०१३ साली तिचे हेलियम संपेपर्यंत मोठा पल्ला गाठला. पण तिचा आरसा साडेतीन मीटरचा, त्यामुळे दूरच्या दीर्घिका एकमेकींत मिसळून जात.

चिलीतील नव्या दुर्बिणीचे नाव फ्रेड यंग सबमिलिमीटर दुर्बीण. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, जर्मनीतील कलोन आणि बॉन येथील विद्यापीठे व कॅनडातील विद्यापीठे यांचा हा संयुक्त प्रकल्प आहे. तिचा आरसा सहा मीटरचा आहे. दुर्बीण म्हणून ती फार मोठी नव्हे. तिचे मोठेपण नजरेच्या विस्तारात आहे. लांब लहरींवर तिचा टापू आठ अंशांचा होतो, म्हणजे सोळा पूर्णचंद्र ओळीने मांडले तरी मावतील. तिच्या प्राइम-कॅम या कॅमेऱ्यात सात भाग बसण्याची सोय आहे आणि सर्व भाग बसले की संवेदकांची संख्या एक लाखाच्या वर जाईल. हैदराबादच्या फुग्यावरील बारा ठिपक्यांपासून हा प्रवास कोठवर आला पाहा. संवेदक मात्र आजही तसेच गारठवावे लागतात. येथे ते निरपेक्ष शून्याच्या वर केवळ दहाव्या अंशावर ठेवायचे आहेत.

झाकलेल्या दीर्घिकांची रीतसर खानेसुमारी हा या कॅमेऱ्याचा पहिला उद्देश झाला. दुसरा उद्देश मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. आरंभीचा तप्त काळ सरल्यावर विश्व थंड हायड्रोजनने भरले आणि त्यात एकही दिवा नव्हता. मग पहिले तारे पेटले, त्यांच्या प्रखर किरणांनी भोवतालचा हायड्रोजन फोडला, आणि पहिल्या एक अब्ज वर्षांच्या आत जवळपास सगळ्या विश्वातले वायूचे धुके असे फुटले. हे कसे घडले, मोठ्या दीर्घिकांनी घडवले की असंख्य लहान लहान दीर्घिकांनी मिळून, हे अजून नीट कळलेले नाही. त्या लहान दीर्घिका एकेक करून पाहणे जवळजवळ अशक्य. मग काय करावे?

पुन्हा यात्रेकडे चला. दूर डोंगरावरून एकेका माणसाचा आवाज ऐकू येत नाही, पण गर्दीचा गजबजाट ऐकू येतो. आणि तो कोठे जास्त आहे यावरून गर्दी कोठे दाटली ते कळते. नव्या कॅमेऱ्याने हेच करायचे आहे. आणि ऐकायचा सूर कोणता? तोच, कार्बनचा! मृगातल्या मेघात १५८ मायक्रॉनवर वाजणारी लहर त्या प्राचीन काळातून निघाली तर वाटेत सातपट ताणली जाते आणि आपल्यापर्यंत सुमारे १.१ मिलिमीटरची होऊन येते. जेवढा जुना काळ तेवढा ताण जास्त. म्हणजे लहरीची लांबी मोजली की काळही मोजला गेला. एका मागोमाग एक अशा लांबींवर आकाशाचे नकाशे काढले की प्राचीन विश्वाचे थर उलगडतील. जेथे कार्बन तेथे ताऱ्यांची भट्टी, कारण ताऱ्यांखेरीज कार्बन घडत नाही.

हाच काळ दुसऱ्या बाजूने पाहण्याची खटपट आपल्या खोडदला झाली आहे. नारायणगावजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने त्या काळच्या न फुटलेल्या हायड्रोजनचा माग काढण्याचा प्रयत्न झाला. तो क्षीण सूर हाती लागला नाही, पण तो अमुक इतक्याहून मोठा नाही ही मर्यादा घालता आली. याच दुर्बिणीने २०२० साली ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र मिळवून, आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची एकूण मोजदाद केली. एकेक आवाज ऐकू येत नसेल तर सर्वांचा मिळून ऐकावा, ही युक्ती आपल्या घरची आहे. हायड्रोजनचा नकाशा सांगेल धुके कोठे राहिले होते. कार्बनचा नकाशा सांगेल ते फोडणारे दिवे कोठे होते. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की साक्ष पुरी होईल.

परंतु अडचण झाकून ठेवणे बरे नव्हे. अलीकडच्या दीर्घिकांमधला कार्बन मोनॉक्साइडही याच लांबीवर आपले सूर लावतो. दूरच्या कीर्तनात जवळच्या बाजाराचा गोंगाट मिसळावा तसे होते. तो वेगळा काढणे कष्टाचे आहे, आणि यश येईलच असे आज कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

तिसरा उद्देश थोडक्यात सांगतो. विश्वाच्या बालपणीची मंद ऊब सूक्ष्मतरंगांच्या रूपाने आजही सर्व दिशांनी येते. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांतील अतितप्त वायूमधून जाताना तिच्यावर बारीकसा ठसा उमटतो. तो अनेक तरंगलांबींवर मोजला की वायूचे तापमान आणि समूह कोणत्या वेगाने सरकतो आहे हे काढता येते. आणि अशा वेगांवरून विश्वाला कोण ताणते, कोण आवरते, याचा अंदाज येतो.

चौथा उद्देश सांगताना धुळीचा दुसरा गुण सांगितला पाहिजे, तो म्हणजे फसवण्याचा. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वलहरींची खूण आपल्याला मिळाली. जगभर गाजावाजा झाला. पुढे प्लांक उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहता, जानेवारी २०१५ च्या सुमारास स्पष्ट झाले की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावून देता येते. दोन्ही गटांनी एकत्र बसून हा निष्कर्ष काढला आणि तो जाहीर केला, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या जयंत नारळीकरांनीही १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर असे मांडले होते की, विश्वाची ती पार्श्वभूमीची ऊब म्हणजे धातूंच्या सुईसारख्या कणांनी बदललेला ताऱ्यांचाच प्रकाश असावा. बहुतेक ज्योतिर्विदांनी ते मानले नाही. परंतु आपल्याला दिसते त्यात धुळीचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न विचारण्यासारखा होता. नवा कॅमेरा धुळीची ऊब आणि तिच्या लहरींची दिशा आखूड लांबींवर बारकाईने मोजील. मग मोठ्या शोधातून धुळीचा वाटा वजा करता येईल.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करून आमच्या पदरात काय पडणार? मी खोटे आश्वासन देणार नाही. या कॅमेऱ्यामुळे अच्छाडच्या विहिरीला पाणी लागणार नाही की चिकूचा भाव वाढणार नाही. पण एक गोष्ट विचारात घ्या. ज्या धुळीला आपण पडदा समजत आलो, तिच्यातूनच ग्रह घडले, तिच्यातूनच ही पृथ्वी, आणि पृथ्वीवरचे आपण. आपल्या हाडामांसातला कार्बन एखाद्या ताऱ्याच्या पोटात शिजला, ताऱ्याबाहेर फेकला गेला, आणि मृगातल्या त्या मेघासारख्या एखाद्या काळोख्या मेघात दाटला. दूर विश्वात कार्बनचा सूर ऐकणे म्हणजे आपल्याच कुळाची वंशावळ चाळणे आहे. वंशावळ चाळून पोट भरत नाही; तरी आपण कोणाचे, हे जाणल्यावाचून माणसाला चैन पडत नाही.

आजच्या काळात दिसते तेवढेच खरे मानण्याकडे आपला फार कल झाला आहे. आकाशाने निदान या एका बाबतीत आपले कान उपटले आहेत. निम्मा उजेड अंधारात होता, आणि तो अंधारात होता म्हणून आपण तो मोजलाच नाही. उद्या दिवेलागणीला मृग मावळताना पाहाल तेव्हा त्या तीन ताऱ्यांजवळच्या धुरकट ठिपक्याकडे क्षणभर पाहा. तेथे राखेखाली विस्तव आहे. आपल्याच देशाने बारा ठिपक्यांचा तळहात करून तो एकदा चाचपला होता. आता जग लाख ठिपक्यांचा तळहात पुढे करते आहे.